जुना डेस्कटॉप: नवीन काय बसवावं आणि कशाला हात लावू नये?

अक्षरजुळणी

नमस्कार मंडळी,

पुस्तकांची जुळणी आणि जुन्या फोटोंची साफसफाई ही माझी रोजची कामं. ज्या डेस्कटॉपवर ती करते तो असा: प्रोसेसर कोअर आय-५ ४५९०, मदरबोर्ड एच८१ चिपसेटचा, डीडीआर३ रॅमची ४ जीबीची एकच स्टिक, १ टीबीची हार्ड डिस्क. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटबरोबर आला तोच, त्यावर ४५० वॉट लिहिलंय. विंडोज १०.

त्रास असा, की मशीन चालू केल्यावर पडदा दिसतो, पण पुढची काही मिनिटं काहीच करता येत नाही. टास्क मॅनेजर उघडला की डिस्कपुढे १०० टक्के. ब्राउझरमध्ये शब्दकोश आणि मेल उघडे ठेवून मांडणीच्या फाइलीत शिरले की माउससुद्धा अडखळतो. मोठा स्कॅन उघडायला घेतला की वाट पाहणं आलंच.

विचारलं त्या प्रत्येकाने वेगळं सांगितलं. एक म्हणतो ग्राफिक्स कार्ड टाका, दुसरा म्हणतो आय-७ टाका, तिसरा म्हणतो मशीनच भंगारात द्या. मशीन चांगलं साथ देतंय, टाकून द्यायचं नाहीये. पण त्यात पैसे ओतत राहायचीही इच्छा नाही. सुरुवात कुठून करू?

चारपिनी

एसएसडी (फिरत्या तबकड्यांऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) आणि रॅम. ग्राफिक्स कार्डाचं तूर्त नाव काढू नका.

रात्रपाळी

चारपिनींशी सहमत. पण का ते नीट लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी कोणी काहीही सांगितलं तरी तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

मशीन संथ आहे म्हणजे त्यातला एखादा भाग बाकीच्यांना थांबवून ठेवतोय. तो कोणता हे शोधल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते तेव्हा तिथेच खाली वाचनाचा वेगही दिसतो, तो बघा. बहुतेक वेळा तो सेकंदाला एक एमबीच्याही आत असेल. म्हणजे डिस्क पूर्ण व्यग्र आहे आणि काम मात्र जवळपास शून्य होतंय.

याचं कारण साध्या हिशोबात आहे. तुमची हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेऱ्यांची असेल, म्हणजे सेकंदाला १२०. एक फेरी साधारण ८.३ मिलिसेकंदांची. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. त्याआधी डोकं योग्य रेषेवर सरकायला आणखी ८-९. एका वाचनाला १२-१३ मिलिसेकंद धरले तर सेकंदाला ८० च्या आसपास वाचनं होतात. विंडोज सुरू होताना मागितले जाणारे तुकडे छोटे आणि विखुरलेले असतात. ४ केबीचा तुकडा धरला तर सेकंदाला ३०० केबीच्या थोडं वर! हीच डिस्क सलग मोठी फाइल वाचताना सेकंदाला १०० एमबीच्या पुढे सहज जाते, म्हणून ती बिघडलीय असं वाटत नाही. साध्या साटा (हार्ड डिस्कच्याच केबलवर चालणाऱ्या) एसएसडीला असं एक वाचन करायला ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास लागतो, कारण तिथे काही फिरतच नाही.

आता रॅम. ४ जीबीतला काही भाग ऑनबोर्ड ग्राफिक्स स्वतःकडे ठेवतं. उरलेल्यात विंडोज, ब्राउझर आणि मांडणीचं सॉफ्टवेअर मावत नाही. मावत नाही ते विंडोज पेजफाइलमध्ये ढकलतं, आणि पेजफाइल असते त्याच हार्ड डिस्कवर. म्हणजे तुमची डिस्क आधीच धापा टाकतेय आणि वर रॅमची कमतरताही तीच भरून काढतेय. माउस अडखळतो तो यामुळे. नुसती एसएसडी टाकलीत तर पेजफाइलचा त्रास कमी जाणवेल पण राहील. नुसती रॅम टाकलीत तर सुरू होण्याचा वेळ तसाच राहील. दोन्ही एकत्र करा.

एच८१ ला रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि कमाल १६ जीबी. ८-८ च्या दोन स्टिक घेतल्या तर ड्युअल चॅनेल मिळतो, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी वाचल्या जातात. ऑनबोर्ड ग्राफिक्स हीच रॅम वापरत असल्यामुळे त्यालाही याचा फायदा होतो. खर्च आवरायचा असेल तर आहे ती ४ ची राहू द्या आणि दुसऱ्या स्लॉटात ८ ची टाका. इंटेलच्या फ्लेक्स मोडमध्ये दोन्हीकडचे ४-४ जीबी ड्युअल चॅनेलने चालतात, उरलेले ४ सिंगलने.

निळापडदा

रॅम घेताना दोन सापळे असतात, ते लिहितो.

जुनी डीडीआर३ शोधायला गेलात की सर्व्हरमधून निघालेल्या स्टिक फार स्वस्त दिसतील. त्या रजिस्टर्ड ईसीसी असतात. स्लॉटात त्या नीट बसतात, पण साध्या डेस्कटॉप बोर्डावर चालत नाहीत. दुसरं म्हणजे 'फक्त एएमडीसाठी' असं बारीक अक्षरात लिहिलेल्या ८ जीबीच्या स्टिक. त्यांच्या चिपची रचना इंटेलच्या बोर्डांना वाचता येत नाही. तुम्हाला हवी साधी, अनबफर्ड, २४० पिनांची डीडीआर३-१६००. १.३५ व्होल्टची डीडीआर३एल मिळाली तरी चालेल, ती १.५ व्होल्टवरही चालण्यासाठीच बनवलेली असते. डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसणारच नाही. जोर लावू नका.

ऐकावेजनाचे

मला एक शंका आहे. फोटोची सॉफ्टवेअरं हल्ली ग्राफिक्स कार्डाकडून बरीच कामं करून घेतात. मग ताईंना कार्डाचा सल्ला देणारा अगदीच चुकला असं कसं म्हणता येईल?

चारपिनी

सल्ला चुकला नाही, क्रम चुकला. त्यांचं मशीन फोटो उघडतानाच अडतंय. फिल्टर लावण्याची वेळ नंतर येते.

आणि या बोर्डावर कार्ड निवडणं तितकं सोपं नाही. एच८१ चा मोठा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस २.० वेगाचा असतो. स्लॉटातून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, त्यापुढे एसएमपीएसकडून वेगळी ६ किंवा ८ पिनी केबल हवी. स्लॉटाच्या विजेवर भागणारी कार्डं आहेत. जीटीएक्स १६५० ची बरीच मॉडेलं तशी आहेत. आरएक्स ६४०० ला तर त्याहून कमी वीज लागते, म्हणून जुन्या मशीनला ते सुचवलं जातं. पण त्याला चारच लेन (माहिती जाण्याच्या वाटा) दिलेल्या आहेत. ४.० वेगाच्या चार लेनमधून सेकंदाला जवळपास ८ जीबी जातात, २.० वेगाच्या चार लेनमधून २ जीबी. रस्ता चौथाईवर येतो, आणि कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की तो त्रास थेट जाणवतो. इंटेलची आर्क कार्डं तर रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसलेल्या जुन्या बोर्डावर घेऊच नयेत, त्यांचा वेग त्यावर फार अवलंबून आहे.

तांब्याची तार

सगळे वेगाबद्दल बोलत आहेत. मला त्या एसएमपीएसची काळजी वाटते.

कॅबिनेटबरोबर येणाऱ्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत जे वॉट लिहिलेले असतात त्यावर विसंबू नये. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि त्याला १२ ने गुणावे. तिथे १७ अँपिअर असतील तर १२ व्होल्टवर मिळतात २०४ वॉट, वर ४५० लिहिलेले असले तरी. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही १२ व्होल्टवरच जगतात, त्यामुळे खरा आकडा हा. दोन स्वतंत्र १२ व्होल्ट दाखवले असतील तर दोन्हींची बेरीज करू नये, एकत्रित मर्यादा वेगळी दिलेली असते ती धरावी.

आय-५ ४५९० चे टीडीपी (भारावर बाहेर पडणारी उष्णता) ८४ वॉट आहे. ग्राफिक्स कार्डाशिवाय अख्खे मशीन पूर्ण भारावरही १५० वॉटच्या आत राहील. म्हणजे जास्त वॉटची गरज नाही, चांगल्या प्रतीच्या विजेची आहे. एसएमपीएसमधले कपॅसिटर उष्णतेने वर्षानुवर्षे सुकत जातात. मग व्होल्टेजमधली थरथर वाढते, आणि ती बोर्ड, डिस्क, रॅम सगळ्यांपर्यंत पोहोचते. विनाकारण रीस्टार्ट होणे, भार पडला की बंद पडणे ही लक्षणे दिसण्याआधीच तो बदलावा. नव्या एसएसडीला जुन्या कुरकुरत्या एसएमपीएसच्या हवाली करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन गोष्टी जिवाच्या आणि मशीनच्या सुरक्षेसाठी. एसएमपीएसचा डबा उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज साठलेले असते. आणि नवा एसएमपीएस मॉड्यूलर (केबली सुट्या होणारा) असेल तर त्याच्याबरोबर आलेल्याच केबली वापराव्यात. एसएमपीएसच्या बाजूच्या जोडाची पिनरचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही वेगळी असते. दुसऱ्याची केबल अचूक बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट पाठवते. त्यात डिस्क जळतात.

अक्षरजुळणी

केवढी माहिती! सर्वांचे मनापासून आभार. तक्ता पाहिला. १२ व्होल्टपुढचा आकडा तांब्याची तार म्हणतात तसाच लहान आहे. एसएमपीएस यादीत घेतला.

आणखी एक विचारते. एसएसडीत साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार दिसतात. एनव्हीएमई कितीतरी पट वेगवान म्हणतात. स्लॉटात बसवायचं छोटं अडॅप्टर कार्डही मिळतं. तेच घेऊ का?

रात्रपाळी

नका घेऊ. तुमच्या पिढीच्या बोर्डांच्या बायोसला (मशीन चालू होताना सर्वांत आधी चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) एनव्हीएमईवरून बूट करणं माहीतच नसतं. अडॅप्टर लावून ती डिस्क विंडोजमध्ये दिसेल, फाइली ठेवायला चालेल, पण विंडोज तिच्यावरून सुरू होणार नाही. पुढच्या ९ मालिकेच्या काही बोर्डांना बायोस अपडेटने ती सोय मिळाली. एच८१ वर मात्र लोक बायोसच्या फाइलीत ड्रायव्हर घुसडून हे करतात. ज्या मशीनवर पोटापाण्याचं काम आहे त्याच्यावर हा प्रयोग करू नये.

आणि त्यात गमावण्यासारखं फारसं नाही. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी देते, पीसीआय एक्सप्रेस ३.० ची एनव्हीएमई ३५०० पर्यंत. हा फरक मोठ्या फाइली इकडून तिकडे करताना दिसतो. तुमचा खोळंबा होतो तो छोट्या वाचनांमुळे. १२ मिलिसेकंदांवरून ०.१ वर आलात की बहुतेक सगळा फायदा तिथेच मिळाला. त्यापुढची कपात कामात क्वचित जाणवते.

मात्र केबल कुठे लावता ते बघा. एच८१ मध्ये साटाचे दोन पोर्ट ६ गिगाबिटचे आणि दोन ३ गिगाबिटचे असतात. बहुतेक बोर्डांवर त्यांचे रंग वेगळे असतात, नाहीतर बाजूला क्रमांक असतो, मॅन्युअलमध्ये मिळेल. एसएसडी ६ वाल्यावर लावा आणि डीव्हीडी ड्राइव्ह ३ वाल्यावर ढकला. बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय आहे ना, हेही विंडोज टाकण्याआधी पाहून घ्या. तो आयडीई असला तर ट्रिम आज्ञा (कोणती जागा मोकळी झाली हे एसएसडीला सांगणारी) एसएसडीपर्यंत पोहोचण्याची खात्री नसते.

निळापडदा

थांबा. कोणीच विचारलं नाही म्हणून विचारतो: बॅकअप आहे का? आणि हार्ड डिस्कची तब्येत तपासलीत का?

क्रिस्टलडिस्कइन्फो टाका. त्यात ०५ म्हणजे रिअलोकेटेड सेक्टर आणि सी५ म्हणजे करंट पेंडिंग सेक्टर, या दोन ओळींचे मूळ आकडे बघा. दोन्ही शून्य हवेत. डिस्क १०० टक्के दिसण्याचं कारण कधीकधी हेही असतं, की एखादा सेक्टर वाचता येत नसल्याने डिस्क पुन:पुन्हा प्रयत्न करत राहते.

अक्षरजुळणी

पाहिलं. ०५ शून्य आहे. सी५ शून्य नाही. पिवळा 'सावधान' इशारा दाखवतोय. कामाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर असतात, पण गेल्या वर्षभराचे स्कॅन फक्त याच डिस्कवर आहेत.

निळापडदा

मग आधी स्कॅन काढा, मगच बाकी सगळं. आजच.

आणि क्लोन, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, करू नका. क्लोन करताना डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचली जाते, जिथे फाइली आहेत त्या सगळ्या भागांवरून तरी नक्कीच. आजारी डिस्कला एवढं पळवताना ती मधेच कोसळू शकते, आणि वाचता न आलेले तुकडे घेऊन नव्या एसएसडीवर आलेली विंडोज पुढे विचित्र चुका देत बसते. महत्त्वाच्या फोल्डरांची आधी नक्कल करा, स्कॅन सर्वांत पहिले, मग मेल आणि फॉन्ट. फॉन्ट हटकून विसरतात. सॉफ्टवेअरच्या किल्ल्या आणि लॉगिन लिहून ठेवा. मग हार्ड डिस्कची केबल काढून फक्त एसएसडी जोडा आणि विंडोज नव्याने टाका. जुनी डिस्क जोडलेली ठेवून विंडोज टाकलं तर बूटची फाइल तिच्यावरच जाऊन बसू शकते. पुढे ती डिस्क काढली की मशीन सुरूच होत नाही, आणि कारण सापडायला वेळ जातो.

हीटसिंक

ताई, मी असल्या जुन्या मशीनवर लिनक्स मिंट चालवतो आणि समाधानी आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी करून सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूट लागतं, आणि इंटेलमध्ये, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. तुमचा चौथ्या पिढीचा. अटी चुकवून विंडोज ११ टाकता येतं, चालतंही, पण कंपनी अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही. म्हणून हा प्रश्न हार्डवेअरच्या आधी सोडवा.

अक्षरजुळणी

मांडणीचं माझं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, त्यामुळे मिंट आत्ता नको. नोंदणी करून विंडोज १० चालू ठेवते. त्या मुदतीपर्यंत हे मशीन धड चालावं एवढंच पाहते आहे.

रात्रपाळी

हे सांगितलंत ते फार चांगलं झालं, कारण यावरून खरेदीचा नियम बदलतो. मुदत ठरलेली असेल तर प्रत्येक वस्तूला विचारायचं: हे पुढच्या मशीनमध्ये माझ्याबरोबर येईल का? साटा एसएसडी येईल, नव्या बोर्डांवरही साटा पोर्ट असतात. चांगला एसएमपीएस येईल. डीडीआर३ येणार नाही, ती इथेच संपते. आय-७ तर मुळीच नाही. म्हणून एसएमपीएस आणि एसएसडीवर मन मोठं करा. रॅम हात राखून घ्या, वापरलेली घेतली तरी हरकत नाही. बसवल्यावर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा, एकही चूक दिसली तर परत करा.

ऐकावेजनाचे

आय-७ ला सगळे एवढे नाही का म्हणतात? ४७९० याच सॉकेटात बसतो ना?

चारपिनी

बसतो. एलजीए ११५० च. पण कोर तेवढेच चार, फक्त थ्रेड आठ आणि वेग थोडा जास्त. कोअर आय-३ वाल्याने ४७९० टाकला तर त्याला दोन कोरांचे चार होतात, त्याला फरक दिसेल. ४५९० वाल्याला व्हिडिओ एन्कोडिंगसारख्या कामातच दिसेल.

काही जण झिऑन ई३-१२३१ व्ही३ सुचवतात, आय-७ सारखाच आणि स्वस्त म्हणून. त्याच्यात ऑनबोर्ड ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड नसलेल्या मशीनमध्ये तो बसवला की पडदा काळा.

बी३५०वाला

धाग्यात घुसतोय, माफ करा. माझंही मशीन जुनं आहे: रायझन ३ १२००, बी३५० बोर्ड, ८ जीबी डीडीआर४, साटा एसएसडी आधीपासून आहे, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०५० टीआय. मीही फक्त रॅमवर थांबू का?

रात्रपाळी

तुमचं उत्तर नेमकं उलटं आहे! तुमचा एएम४ सॉकेट फार दीर्घायुषी निघाला. २०१७ च्या बी३५० बोर्डांवर बायोस अपडेट करून रायझन ५००० मालिका चालवायला एएमडीने २०२२ मध्ये वाट मोकळी केली. बोर्डाच्या पानावर प्रोसेसरची यादी असते. त्यात रायझन ५ ५६०० असेल तर डोळे मिटून घ्या. चार कोर चार थ्रेडवरून सहा कोर बारा थ्रेड, टीडीपी दोन्हींचं ६५ वॉट, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत रायझन १२०० नाही पण ५६०० आहे. डीडीआर४ असल्यामुळे वाढवलेली रॅमही वाया जात नाही.

क्रम मात्र पाळा. बायोस अपडेट जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करायचं, नवा बसवून मग नाही. मधे वीज जाणार नाही याची सोय करून करा. नव्या बायोसमध्ये काही बोर्ड जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकतात, ती टीप आधी वाचा. डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या कुलूपबंदीने) बंद असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा, कारण तुमच्याकडचं टीपीएम प्रोसेसरमधलंच असतं आणि प्रोसेसर बदलला की विंडोज ती किल्ली मागतं.

हीटसिंक

यात एक भर. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि सॉकेटची पकड हलकी असते. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली जुनी पेस्ट वाळून घट्ट झाली की हीटसिंक सरळ ओढताना प्रोसेसर त्याला चिकटून, खटका लॉक असतानाच, बाहेर येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन थोडा वेळ भारावर चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, मग हीटसिंक डावीउजवीकडे हळू पिळत सुटा करा. ताईंच्या इंटेलमध्ये उलट आहे, पिना बोर्डाच्या सॉकेटात असतात. त्यांनी प्रोसेसर उचलूच नये, फक्त हीटसिंक काढून जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि वाटाण्याएवढा नवा थेंब मधोमध ठेवावा.

अक्षरजुळणी

झालं काम! सविस्तर लिहिते.

आधी सगळे स्कॅन बाहेर काढले. दोन फोल्डर नक्कल होताना डिस्क बराच वेळ अडून बसली, पण अखेर सगळं आलं. निळापडदा, तुम्ही विचारलं नसतं तर मी क्लोनच केलं असतं.

एसएमपीएस बदलताना जुन्या केबलींचे फोटो काढून ठेवले होते, त्याचा फार उपयोग झाला. बोर्डाला २४ पिनांची जाड केबल आणि प्रोसेसरजवळ वेगळी ४ पिनी. नव्याची प्रोसेसरची केबल ८ पिनी आली, पण ती मधून दोन भागांत सुटते, त्यातला एक भाग बसवला. ८-८ च्या दोन स्टिक लावल्यावर बायोस ८ च दाखवत होतं. दोन्ही काढून स्लॉटात फुंकणीने हवा मारली आणि दोन्ही टोकांच्या खिटी आपोआप मिटेपर्यंत दाबल्या, मग १६ दिसले. मेमटेस्ट रात्रभर चाललं, चूक एकही नाही. पेस्ट बदलल्यावर पंख्याचा आवाज एकदम खाली आला, हे मला अपेक्षितच नव्हतं.

मशीन चालू केलं की लगेच काम सुरू करता येतं. ब्राउझर, शब्दकोश, मांडणी, तिन्ही उघडी असतात आणि माउस अडखळत नाही. मला खरंच फार आनंद झालाय.

एक गोष्ट तशीच आहे. मोठ्या स्कॅनमधले ओरखडे घालवायचं फिल्टर अजून सावकाश चालतं. टास्क मॅनेजरमध्ये आता डिस्क शांत आणि प्रोसेसर १००.

रात्रपाळी

छान! आता तुमचं मशीन थांबतंय ते प्रोसेसरपाशी. या बोर्डावर त्याला मोठा उपाय नाही, आणि मुदत पाहता करूही नये. असे फोटो निवडून ठेवा आणि जेवायला उठताना फिल्टर सलग लावून द्या. सॉफ्टवेअरमध्ये बॅचची सोय असतेच. पुढचा पैसा थेट नव्या बोर्ड-प्रोसेसर-रॅमसाठी बाजूला टाका. तेव्हा कॅबिनेट, एसएमपीएस आणि एसएसडी हेच वापरायचं.

अक्षरजुळणी

तसंच करते. शेवटचा प्रश्न, जुन्या हार्ड डिस्कचं काय करू? रिकामी करून बॅकअपला ठेवली तर चालेल?

निळापडदा

बॅकअपला नाही. पेंडिंग सेक्टर दाखवणाऱ्या डिस्कवर जगात दुसरीकडे कुठेही नसलेली एकही फाइल ठेवू नका. दुसऱ्या कोणाला वापरायलाही देऊ नका.

टाकण्याआधी ती पुसा. नुसतं फॉरमॅट पुरेसं नाही, क्विक फॉरमॅटमध्ये फाइली जागेवरच राहतात. विंडोजच्या डिस्कपार्टमध्ये ती डिस्क निवडून 'क्लीन ऑल' दिलं की प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिलं जातं. १ टीबीला काही तास लागतील. डिस्क निवडताना क्रमांक दोनदा तपासा, आणि शक्य असेल तर त्या वेळी ही डिस्क आणि एसएसडी सोडून बाकी सगळ्या डिस्क, तुमची बाहेरची बॅकअप डिस्कसुद्धा, काढून ठेवा. पुसणं मधेच अडलं तर डिस्क बाहेर काढून ड्रिलने आतल्या तबकड्यांमधून आरपार भोकं पाडा, डोळ्यांवर चष्मा लावून. काही डिस्कच्या तबकड्या काचेच्या असतात आणि फुटून उडतात. मग ती ई-कचऱ्यात.